मेश्राम साहेब आणि डोंगरावरचा बॉयलर

परवा आमच्या ऑफिसात नवा इंजिनियर रुजू झाला. नाशिकचा, चांगला मुलगा आहे. आल्या आल्या त्यानं विचारलं, "मॅडम, माझी खुर्ची कोणती?" मी खिडकीजवळची दाखवली. त्यानं ती वर-खाली करून पाहिली, मागे रेलला आणि खूश झाला. मला मात्र दिवसभर ती खुर्ची भरलेली बघून चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. ती मेश्राम साहेबांची खुर्ची. म्हणजे नावालाच त्यांची. तिच्या पाठीवर त्यांचं जॅकेट असायचं, बसायच्या जागी हेल्मेट असायचं, आणि साहेब स्वतः कुठे आहेत हे विचारायला येणाऱ्याला आम्ही बोटानं नुसती एक दिशा दाखवायचो.

प्रकाश मेश्राम, मेकॅनिकल इंजिनियर, मूळचे नागपूरचे. आमची कंपनी मस्कतमधल्या इमारतींची पाण्याची आणि एसीची कामं करते. मी तिथे ड्रॉइंग काढते. मस्कतच्या अल् घुब्रा भागात आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. उंच, किडकिडीत माणूस. चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावरच जास्त. कुठल्याही घरात, हॉटेलात, दवाखान्यात शिरले की पहिल्यांदा त्यांचा हात भिंतीवरच्या पाइपवर जायचा, आजारी मुलाचा ताप बघावा तसा. मग मान थोडी तिरपी, कान पाइपकडे, आणि पाठोपाठ ते वाक्य: "जरा पाहून येतो." हे म्हणून ते गेले की अर्धा तास तरी परत येत नसत.

मीटिंगमध्ये ते उभे असत. मॅनेजर साहेब म्हणत, "मेश्राम, प्लीज सिट." हे टेकल्यासारखं करत आणि दोन मिनिटांत दाराशी. एकदा मी विचारलं, "साहेब, पाय दुखत नाहीत का हो?"

"दुखतात ना. पण बसलं की गंजते, ताई."

"कोण गंजतं?"

"काहीबी. लोखंड, माणूस. काहीबी."

कडक चहा घ्यायला खाली उतरले तर अर्धा कप पिऊन उरलेला तिथेच ठेवायचे, आणि चहावाल्याच्या गॅसच्या नळीकडे बघत उभे राहायचे. तो बिचारा त्यांना यायच्या आधीच सांगायचा, "नई लगाया साब, देखो, नई है."

त्यांच्या या स्वभावाचा पहिला फटका मला बसला तो माझ्या मुलाच्या वाढदिवसाला. हॉलमध्ये पंधरा-वीस पोरं, केक टेबलावर, मेणबत्त्या लावायची वेळ, आणि मेश्राम साहेब हात धुवायला गेलेले परतच येईनात. त्यांची मुलगी तेजू तेव्हा पाचवी-सहावीत होती. ती म्हणाली, "आंटी, बाबा बाथरूममध्ये आहे. तो सीलिंग ओपन करतो."

"ते करतात म्हणावं," तिच्या आईनं, सुनंदावहिनींनी, तिला सुधारलं, आणि मग अर्थ लक्षात येऊन डोक्याला हात लावला.

मी धावत गेले. साहेब आमच्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभे, छताची पट्टी काढून बाजूला ठेवलेली, डोकं आत गिझरपाशी. इथल्या फ्लॅटमध्ये गिझर असा छतात दडवलेला असतो. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की नळाला उकळतं पाणी येतं. मग लोक गिझर बंद करून त्यातलंच थोडं गार पाणी अंघोळीला घेतात. त्यामुळे त्याच्याकडे कोणी वर्षानुवर्षं बघत नाही.

"ताई, तुमच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकत असेल, म्हणून कोणीतरी तो सिमेंटनं बुजवून ठेवला आहे. आत प्रेशर वाढलं तं जायला वाट नाही. बॉम्ब आहे हा."

"साहेब, केक कापायचाय."

"कापा ना. मी तोवर पाणी काढतो."

ते पाणी बाथरूममधून पॅसेजमध्ये आणि तिथून हॉलमध्ये आलं. मुलांनी त्यात उड्या मारल्या. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या, त्या पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "या गृहस्थांना कोणी बोलावलं होतं का हे बघायला?" तर नव्हतं. कोणीच नव्हतं बोलावलं. दोन दिवस आम्ही गार पाण्यानं अंघोळी केल्या आणि मग नवा गिझर आला. तो त्यांनीच उभं राहून बसवून घेतला, पण न विचारता आपल्या घराचं छत उघडलं याचा राग माझ्या सासूबाईंच्या मनातून कधी गेला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक होतं असंही नाही.

डोंगरावरच्या घराची गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली.

मस्कतमध्ये थंडी म्हणजे पंखा बंद करणं. पण जबल अख्दर या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून चांगल्या दोन हजार मीटर उंचीवर, जानेवारीत पाणी गोठतं. तिथल्या एका गावात खल्फान नावाचे एक वयस्कर गृहस्थ राहत होते. तरुणपणी मस्कतच्या मुत्रा बाजारात दुकान चालवलेलं, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचे. कधीतरी ते इलाजासाठी थंड देशात गेले होते आणि तिथे त्यांनी भिंतीला लावलेले लोखंडी रेडिएटर पाहिले होते. एका बॉयलरमध्ये पाणी तापतं, पाइपांतून घरभर फिरतं आणि खोल्या उबदार राहतात. परत आल्यावर त्यांनी तसलाच डिझेलवर चालणारा बॉयलर मागवला आणि आपल्या घरात बसवला. गावातलं पहिलं गरम घर. लोक म्हणे रेडिएटरला हात लावायला यायचे. आता त्याला खूप वर्षं झाली होती, आणि त्यांची तक्रार अशी होती की पुढच्या खोल्या तापत नाहीत. आमच्या मॅनेजरांनी मेश्राम साहेबांना सांगितलं, "पंप बदलून या." पाइप कुठून कसे गेलेत याचा नकाशा कोणाकडेच नव्हता, म्हणून मोजमापं घ्यायला मलाही बरोबर पाठवलं.

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. चारही चाकं जोर लावणारी गाडी असेल तरच वर सोडतात. पोलिसानं गाडी तपासली तेवढ्या वेळात साहेबांनी उतरून चौकीच्या पाण्याच्या टाकीला एक फेरी मारली. घाटात ते सतत बोलत होते, रेडिओची स्टेशनं बदलत होते. मी एक-दोनदा म्हटलं, "साहेब, रस्ता."

खल्फानबाबांनी मोठ्या अगत्यानं स्वागत केलं. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर बसवलं, खजूर आणि हलवा पुढे केला, कहवा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, ओतला. मेश्राम साहेबांनी तो छोटा कप उभ्यानंच प्यायला, "मैं जरा देख के आता," म्हणाले आणि गेले.

बाबा माझ्याकडे वळले. "इस को क्या हुआ? बाथरूम?"

"नहीं बाबा. बॉयलर."

बाबा हसले. दुसरा कप ओतत होते तेवढ्यात मागच्या पॅसेजमधून पी-पी-पी असा आवाज यायला लागला. साहेबांच्या खिशात काड्यापेटीएवढं एक यंत्र कायम असायचं. हवेत विषारी वायू असला की ते ओरडतं. ते त्यांनी स्वतः घेतलेलं होतं. आम्ही ऑफिसात त्याची चेष्टा करायचो. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

साहेब पॅसेजच्या तोंडाशी आले. यंत्र हातात, अजून ओरडत होतं.

"ताई, त्या मागच्या खोलीत कोण आहे?"

मी बाबांना विचारलं. त्यांची मुलगी मरियम बाळंतपणाला माहेरी आली होती. सगळ्यात उबदार खोली म्हणून तिला मागची, बॉयलरच्या खोलीला लागून असलेली खोली दिली होती. आई तिच्या सोबतीला होती; एरवीही ती हिवाळ्यात तिथेच झोपायची.

"मी आत जाऊ शकत नाही. तुम्ही जा. बाळ, बाळंतीण, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता. काही समजावत बसू नका."

मी गेले. आत लोबानाचा दाट वास होता. मरियम पडून होती, बाळ कुशीत झोपलेलं, आणि आई डोक्याला घट्ट फडकं बांधून भिंतीला टेकलेली. मरियमला इंग्रजी येत होतं. मी एवढंच म्हटलं की हवेत गॅस आहे, बाहेर चला. तिनं एक क्षण माझ्याकडे बघितलं, बाळाला दुलईत गुंडाळलं आणि उठली. उठताना तिचा तोल गेला. मी बाळ घेतलं.

बाहेर येते तो साहेबांनी घरातल्या खिडक्या धडाधड उघडून टाकल्या होत्या. डोंगरावरचा वारा सरळ आत घुसला. बॉयलर बंद झाला होता, आणि त्याच्या बर्नरचा एक भाग खोलून त्यांनी खिशात घातला होता, म्हणजे कोणी परत चालू करायला नको. खल्फानबाबा ओरडत होते, "छोटा बच्चा है घर में! ठंड में मारेगा क्या? चालू करो!"

"नाही," साहेब मराठीतच म्हणाले, मग भान येऊन हिंदीत, "नहीं करूँगा, बाबा. चिमनी का जोड़ सड़ गया है. धुआँ बाहर नहीं जाता, उस कमरे में जाता है. और हवा आने का रास्ता आप लोग ने कंबल डाल के बंद किया है."

"इतना साल चला है!"

"इसीलिए सड़ गया."

बाबांनी आमच्या मॅनेजरांना फोन लावला, बोलले आणि फोन साहेबांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. पंप बदलायला पाठवलं होतं, पंप बदल, बॉयलर चालू कर आणि ये. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, मैं नहीं करूँगा. दूसरे को भेजोगे तो उस को भी नहीं करने दूँगा." आणि फोन परत दिला.

तेव्हा मरियमनं विचारलं, "आईचं डोकं रोज सकाळी दुखतं. ते यामुळे?"

साहेब तिच्याकडे न बघता, खाली गालिच्याकडे बघत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले. एरवी त्यांचं इंग्रजी बरं होतं. त्यांचा धाकटा भाऊ नागपुरात बाथरूममध्ये दगावला होता. गॅसचा गिझर, खिडकी बंद. नुकतीच नोकरी लागली होती. दार तोडलं तेव्हा नळ चालूच होता. "No smell," ते म्हणाले. "We were sitting in next room. Only sitting."

मरियमनं ते अरबीत वडिलांना सांगितलं. खल्फानबाबा "अल्ला यर्हमा," म्हणजे अल्ला त्याच्यावर दया करो, एवढंच पुटपुटले. मग आवाज न चढवता, पण पहिल्यापेक्षा जास्त दुखावलेल्या सुरात म्हणाले, "फिर भी मेरे से पूछना था. घर मेरा है. तुम मेरा मेहमान है."



आई, लेक आणि बाळ तिघांनाही डोंगराखालच्या निझवा शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, एक दिवस ठेवून घेतलं. तिघंही सुखरूप होती. तोवर साहेबांनी निझव्याच्या बाजारातून विजेचे हीटर आणून ठेवले. घराची वायरिंग सगळे हीटर एकदम पेलेना, म्हणून अख्खं घर एका खोलीत राहायला आलं.

नव्या बॉयलरचं आणि पाइपांचं काम कंपनीला मिळालं, कारण त्या थंडीत दुसरं कोण येणार? ते संपेपर्यंत साहेब डोंगरावरच राहिले. मी मोजमापांसाठी खाली-वर करत होते. नवा बॉयलर अंगणापलीकडे वेगळ्या खोलीत, सरळ उंच चिमणीसकट बसवायचा असं त्यांनी ठरवलं. फरशीखालचे जुने लोखंडी पाइप कापले तर त्यातून डांबरासारखा काळा गाळ निघाला. बोटही जाणार नाही एवढीच वाट उरली होती. पुढच्या खोल्या का तापत नव्हत्या ते तिथे कळलं. सगळे पाइप तांब्याचे घातले, वर ऊब धरून ठेवणारं वेष्टन. मजलिसमधला जुना रेडिएटर मात्र बाबा बदलू देईनात. साहेब म्हणाले गळेल. बाबा म्हणाले गळू दे. हा वाद दोघांनी माझ्यामार्फत केला, कारण बाबा त्यांच्याशी थेट बोलत नव्हते. शेवटी साहेबांनी तो रेडिएटर अंगणात नेला आणि दोन दिवस पाणी मारून आतून धुतला.

बाबा बोलत नसले तरी जेवण रोज वेळेवर यायचं, मोठ्या थाळीत भात आणि मटण. साहेब ते हातात घेऊन अंगणात फिरत खायचे. बाबा मला म्हणाले, "इस को बोलो बैठ के खाए. मेरा सर घूमता है."

मी मधल्या काळात घुब्राला आले की वहिनींकडे डोकवायची. एकदा मी भावाचं ऐकल्याचं सांगितलं आणि म्हटलं, त्यामुळेच साहेब असे अस्वस्थ असतात का? वहिनी भाजी चिरत होत्या. त्या हसल्याच.

"सगळे असंच म्हणतात, प्राची. पण खोटं आहे ते. हा माणूस पहिल्यापासून असाच. आमच्या लग्नात बुद्धवंदना चालू होती, आणि हे मधूनच उठून गेले. का? तर पंखा एका बाजूला कलून फिरत होता. भंतेजी थांबून राहिले." त्यांनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "भाऊ गेल्यावर एवढंच झालं की आधी पाहून आले की हे शांत व्हायचे. आता पाहून आले तरी होत नाहीत."

ज्या सकाळी नवा बॉयलर पेटवला त्या सकाळी मी वर होते. पाइपांत पाणी भरलं की रेडिएटरमध्ये हवा अडकते; ती एका छोट्या किल्लीनं सोडावी लागते. साहेब ती किल्ली घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळत होते. सूं करून हवा जायची, मग पाण्याचा थेंब, की हे पुढच्या खोलीत. मागे मी फडकं घेऊन. एकेक रेडिएटर तापत गेला. पुढच्या खोल्यासुद्धा. मजलिसमधला जुनाही तापला, आणि गळला नाही. बाबा त्याच्याजवळ गादी सरकवून तिथे जाऊन बसले.

मागच्या खोलीत मरियमची आई रेडिएटरवर तळवा ठेवून उभी होती. डोक्याचं फडकं नव्हतं. ती हळूहळू काहीतरी बोलली. मरियम म्हणाली, "आई म्हणते, इतकी वर्षं मला वाटत होतं हे म्हातारपण आहे."

साहेबांनी ते ऐकलं आणि चिमणी बघायला बाहेर निघून गेले. बराच वेळ आले नाहीत.

पुढचं मात्र चांगलं झालं नाही. पहिल्या दिवशी रागाच्या भरात खल्फानबाबांनी आमच्या कंपनीच्या मालकांनाही फोन केला होता; इंजिनियरनं न विचारता घरात गोंधळ घातला, बायकांना बाहेर काढलं. आमच्या मॅनेजरांनाही गिऱ्हाइकासमोर साहेबांकडून ‘नाही’ ऐकावं लागलं होतं. काम उत्तम झालं, तरी साहेबांचं साइटवर जाणं बंद केलं. त्यांना ऑफिसात बसवलं, आमची ड्रॉइंग तपासायला.

खिडकीजवळच्या त्या खुर्चीत मेश्राम साहेब बसलेले मी पाहिले ते तेव्हाच. त्यांचा गुडघा इतका हलायचा की ओळीतली सगळी टेबलं थरथरायची. दुपारच्या उन्हात ते पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे, आणि शिपाई त्यांना बोलवायला जायचा. वजन उतरलं. चहाचा पूर्ण कप प्यायला लागले, त्याचीच मला जास्त काळजी वाटली. तेजूची परीक्षा संपली त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

"दुसरीकडे बघा ना, साहेब. सोहारला कारखाने आहेत, तिथे तुमच्यासारखे हवेतच."

"गेलो होतो विचारायला. पण नागपूरले जातो आता. तिथं घराघरात गिझर आहेत, ताई." मग म्हणाले, "विचारूनच जाईन आत."

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी मी वहिनींना सामान बांधायला मदत करत होते. सोफा विकून झाला होता, हॉलभर खोकी. बेल वाजली. दारात खल्फानबाबा. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी, आणि पिशवीत गुलाबपाण्याच्या बाटल्या. डोंगरावर गुलाबांचे दिवस होते. मेश्राम साहेब आतून आले आणि जागीच थांबले.

बाबा एका खोक्यावर बसले. चारी बाजूंना बघितलं. "मैं ऑफिस गया था. मैनेजर को बोला, मेरा शिकायत खलास. वो बोला, आदमी ही खलास." त्यांनी काठी फरशीवर टेकवली. "ये मेरे को अच्छा नहीं लगा."

"छोड़ो बाबा. आप का गुस्सा ठीक था."

"ठीक था," बाबा म्हणाले. "लेकिन फोन गलत था."

 वहिनी पाणी घेऊन आल्या. पाणी पिऊन बाबा म्हणाले, "मेरे भाई का घर है, हमारे गाँव के ऊपर. उस ने बॉयलर मेरे साथ ही लिया था. वैसा ही. नहाने के पानी के लिए अभी भी चलता है."

साहेब ताठ झाले. "चिमनी किधर से निकलती है?"

"मालूम नहीं."

"बाजू के कमरे में कौन सोता है?"

"उस की सास."

साहेबांचा हात चपलेकडे गेला होता, पण ते थबकले. "भाई से पूछा आपने?"

"पूछेगा तो मना करेगा," खल्फानबाबा उठत म्हणाले. "यल्ला, चलो."

त्याच रात्रीच्या विमानानं मी सुट्टीवर पुण्याला गेले, आणि परत आले तोवर मेश्राम कुटुंब नागपूरला पोचलं होतं. वहिनींनी फोनवर सांगितलं की साहेब दुसऱ्या दिवशी डोंगरावरून उतरले. बॉयलर बंद करून आले होते. बाबांचा भाऊ भयंकर चिडला होता, आणि खल्फानबाबा त्याच्यासमोर उभे राहून हसत होते.

मला शेवटचे दिसले ते त्या शुक्रवारी, गॅलरीतून. वहिनी कठड्यावरून वाकून ओरडत होत्या, "अहो, जेवण तरी! अहो, मोबाइल राहिला!" खाली बाबांची मोठी पांढरी गाडी इंजिन चालू करून उभी होती. पुढच्या सीटवर मेश्राम साहेब, घरातल्या पायजम्यात, चष्मा कपाळावर, पूर्ण बाबांकडे वळून बसलेले. दोन्ही हातांनी ते हवेत चिमणी काढून दाखवत होते, हा जोड इथे, हा इथे. बाबा एका हातानं गाडी काढत होते आणि दुसऱ्यानं मध्येच तो जोड वेगळीकडे दाखवत होते. दोघंही एकदमच बोलत असावेत. शाळेच्या वळणावर गाडी वळली, तरी काचेतून ते हात हलताना दिसत होते.